पाण्याचा पृष्ठभाग कोणाचा?

मराठवाड्यात पाण्याची बातमी टक्क्यांत येते. पावसाळा सुरू झाला की पाचोडच्या मोसंबी बाजारात, पैठणच्या टपरीवर, संभाजीनगरच्या कचेरीत एकच चौकशी चालते: जायकवाडी धरणाचा नाथसागर किती झाला? उत्तर आकड्यात मिळतं आणि त्यावर घरातल्या लग्नाच्या तारखेपासून उसाच्या लागवडीपर्यंत सगळं ठरतं. नगर-नाशिककरांशी आपलं भांडण टीएमसीत चालतं, धरणाचे दरवाजे क्युसेकमध्ये उघडतात आणि टँकर खेपांत मोजले जातात. पाणी म्हणजे साठा, ही समजूत या मुलखात इतकी मुरली आहे की पाण्याविषयी दुसरा कुठलाही प्रश्न चैनीचा वाटतो.

पण त्याच पाण्यात राहणाऱ्या जिवांना साठ्याशी फारसं देणंघेणं नसतं. नाथसागर ९० टक्के भरला काय किंवा २० टक्क्यांवर आला काय, रोहूच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे. आपल्या कल्ल्यांवरून जाणाऱ्या घोटभर पाण्यात या क्षणी प्राणवायू किती आहे? त्याचं उत्तर पाण्याच्या घनफळावर अवलंबून नसतं. पाण्याला हवा किती भिडते, वारा ते किती घुसळतो, ऊन ते किती तापवतं आणि त्यात दुसरं कोण कोण श्वास घेतंय, यावर ते ठरतं. म्हणजे ते ठरतं मुख्यतः पृष्ठभागावर. आणि दुष्काळी मुलखात पृष्ठभागाकडे आपण एकाच नजरेने पाहायला शिकलो आहोत: इथून पाणी उडून जातं. जिथून पाण्याची वाफ जाते तिथूनच पाण्यात श्वास येतो, ही गोष्ट आपल्या जलनियोजनात कुठेच नाही. ती असायला हवी, आणि आता तर घाईने असायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आधी भौतिकशास्त्र, कारण त्याला वळसा घालून इथे पुढे जाता येत नाही.

हवेचा एकपंचमांश भाग प्राणवायू असतो. पाणी मात्र प्राणवायू विरघळवून घेण्यात मोठं कंजूष आहे. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. आपण समुद्रसपाटीपासून चारपाचशे मीटर उंचीवर आहोत, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून आपल्याकडे हा आकडा सातच्या आसपास येतो. याचा अर्थ नीट लक्षात यावा म्हणून असा हिशेब करू. एक ग्रॅम प्राणवायू मिळवायला चार लिटर हवा पुरते आणि तिचं वजन पाच ग्रॅमही भरत नाही. तोच एक ग्रॅम पाण्यातून काढायचा तर १४० लिटर पाणी लागतं, म्हणजे १४० किलो. शिवाय ते पाणी हवेपेक्षा कितीतरी चिकट, ढकलायला कितीतरी जड.

आता आपलं नेहमीचं शेततळं घ्या. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. कडा उतरत्या असल्यामुळे त्यात मावतं सुमारे २० लाख लिटर पाणी. हे तळं प्राणवायूने पूर्ण तृप्त असलं तरी उन्हाळ्यात त्यात एकूण प्राणवायू असतो सुमारे १४ किलो. तेवढा प्राणवायू चार बाय साडेचार मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या एका खोलीतल्या हवेत असतो. वीस लाख लिटरच्या तळ्यात श्वासापुरती शिल्लक एका खोलीएवढी! शेतकरी तळ्याकडे पाहतो तेव्हा त्याला दोन महिन्यांचं मोसंबीचं पाणी दिसतं. मासा त्याच तळ्यात एका बंद खोलीत राहत असतो.

बरं, ती खोली तरी हवेशीर असावी. तीही नाही. प्राणवायूचे रेणू पाण्यात आपणहून पसरतात ते हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू. ॲडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये या पसरण्याचे नियम मांडले. त्यातली मेख अशी की अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. एक मिलिमीटर पाणी ओलांडायला प्राणवायूला चारेक मिनिटं लागतात. एक सेंटिमीटरला सात तास. एक मीटरला? आठ वर्षं. निव्वळ रेणूंच्या भटकंतीवर सोडलं तर आज पृष्ठभागावर विरघळलेला प्राणवायू तीन मीटरच्या तळ्याच्या बुडाशी पोचेपर्यंत सत्तर वर्षं उलटतील. तळी जिवंत असतात ती वाऱ्यामुळे, लाटांमुळे आणि रात्री गार होऊन खाली बसणाऱ्या वरच्या थरामुळे. पाणी हललं नाही तर खालचं पाणी आणि वरची हवा यांची गाठ पडतच नाही.

म्हणूनच एक मिलिमीटरच्या आतबाहेरचे जीव पाण्यात कल्ल्यांवाचून सुखाने जगतात. तळ्यातल्या पाणपिसवा घ्या, सूक्ष्म अळ्या घ्या. त्यांच्या शरीरात कुठलाही बिंदू पाण्यापासून फार दूर नसतो. त्याहून मोठं व्हायचं असेल तर अंतर मोडून काढावं लागतं. कल्ला म्हणजे हे अंतर मोडून काढण्याची यंत्रणा. माशाच्या कल्ल्यावर पातळ पटलांच्या रांगा असतात, त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, आणि पाणी व रक्त यांच्यामधला पडदा त्याहूनही कितीतरी पातळ. एवढ्या अंतराला प्राणवायूला सेकंदाचा अंशच पुरतो. त्यावर कडी अशी की पटलातलं रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. जिथे पाणी आपला बराच प्राणवायू देऊन बसलेलं असतं तिथे त्याला सगळ्यात निकृष्ट रक्त भेटतं, आणि ताज्या पाण्याला भेटतं बरंचसं भरलेलं रक्त. त्यामुळे वाटेत कुठेही दोघांची बरोबरी होऊन देवाणघेवाण थांबत नाही. या युक्तीने मासा पाण्यातला ७०-८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतो. आपण आत घेतलेल्या हवेतल्या प्राणवायूचा जेमतेम चौथा हिस्सा वापरतो आणि उरलेला तसाच सोडून देतो. श्रीमंताची उधळपट्टी आणि गरिबाची काटकसर, दुसरं काय.

तरीही गरिबाला श्वास महागच पडतो. किलोभर वजनाचा रोहू उन्हाळ्यात तासाला ढोबळमानाने पाव ग्रॅम प्राणवायू वापरतो असं धरलं, तर त्याला तासाला पन्नासेक लिटर पाणी कल्ल्यांवरून लोटावं लागतं, आणि तेही अहोरात्र. मिळवलेल्या प्राणवायूचा मोठा वाटा, कठीण वेळी दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, या लोटण्यातच खर्च होतो. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासा जास्त जोराने लोटतो, म्हणून त्याला आणखी प्राणवायू लागतो. कर्ज फेडायला कर्ज काढण्याचा प्रकार आहे हा. आणि उन्हाळा दोन्ही बाजूंनी चावतो: तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि तापलेल्या शरीराला तो जास्त लागतो. पाण्याचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर थंड रक्ताच्या प्राण्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते.

पाण्याबाहेरच्या मासोळीची तळमळ आपल्या संतांनी भक्तीच्या कामी लावली. तुकोबांनी तर ती अजरामर केली. त्या तळमळीमागचं भौतिकशास्त्र मात्र चमत्कारिक आहे. बाहेर काढलेला मासा प्राणवायूने भरलेल्या हवेत, पाण्यापेक्षा तीसपस्तीस पट श्रीमंत हवेत, गुदमरून मरतो. कारण कल्ल्याची पटलं पाण्याच्या आधारावर सुटी राहिलेली असतात. पाणी गेलं की ओलाव्याच्या पृष्ठताणाने ती एकमेकांना चिकटतात, आणि चौरस सेंटिमीटरांत पसरलेला पृष्ठभाग आक्रसून नाहीसा होतो. प्राणवायू भरपूर आहे, पण त्याला आत यायला जागा उरलेली नाही. श्वास म्हणजे साठा नव्हे, श्वास म्हणजे पृष्ठभाग, हे इतक्या क्रूरपणे दुसरं कुणी शिकवत नाही.

जाता जाता एक फरक सांगण्यासारखा आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात प्राणवायूपेक्षा पंचवीस-तीस पट सहज विरघळतो, त्यामुळे तो सतत धुतला जाऊन माशाचं रक्त त्यापासून जवळजवळ मोकळं राहतं. म्हणून माशाचं शरीर प्राणवायूच्या टंचाईवर पाळत ठेवतं. आपलं शरीर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर पाळत ठेवतं. प्राणवायू निमूटपणे कमी झाला तर आपल्याला धाप लागण्याआधीच भोवळ येते. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील खाली सोडून पाहण्याची पद्धत याचसाठी होती. या बाबतीत रोहू आपल्यापेक्षा शहाणा आहे. टंचाई त्याला आधी कळते, आणि तो ती आपल्याला दाखवतोही.

साठा आणि पृष्ठभाग यांतला फरक सगळ्यात सुंदर दाखवला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, रिचर्ड एगे या डॅनिश शास्त्रज्ञाने. पाण्यातले काही किडे बुडी मारताना अंगाला हवेचा बुडबुडा चिकटवून नेतात. उताणे पोहणारे पाणकिडे आपल्या प्रत्येक डबक्यात, विहिरीत दिसतात, ते त्यातलेच. कोणालाही वाटेल की हा बुडबुडा म्हणजे शिदोरी. एगेने तपासलं. साध्या हवेऐवजी शुद्ध प्राणवायूचा बुडबुडा दिला तर किडा पाचपट शिदोरी घेऊन गेला, म्हणजे तो पाचपट टिकायला हवा. झालं उलट. शुद्ध प्राणवायूवाले किडे अर्ध्या तासाच्या आसपास टिकले, साध्या हवेवाले कित्येक तास. कारण हवेतला नायट्रोजन. किडा प्राणवायू वापरतो तसा बुडबुड्यातला प्राणवायू विरळ होतो आणि पाण्यातला प्राणवायू आत येऊ लागतो. नायट्रोजन पाण्यात कमी विरघळतो, सावकाश निसटतो, आणि तो आहे तोवर बुडबुडा फुगलेला, म्हणजे त्याचा पृष्ठभाग उघडा राहतो. शुद्ध प्राणवायूचा बुडबुडा वापरता वापरता आक्रसून संपतो. त्याबरोबर आत येण्याची वाटही संपते. किड्याच्या काहीच उपयोगाचा नसलेला वायू त्याचा श्वास लांबवतो.

टीएमसीत विचार करणाऱ्या कुठल्याही खात्यात हा प्रयोग भिंतीवर टांगून ठेवावा असं मला वाटतं.

आता पाचोडच्या शिवारात या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हाताने झाडं तोडली. त्यानंतर शेततळ्यांनी जोर धरला. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, प्लास्टिकच्या अस्तराची तळी माळावर चकाकू लागली. या तळ्यांनी बागा वाचवल्या, यात शंका नाही. मग कोणीतरी म्हटलं, पाणी आहेच तर मासे सोडा. सल्ला चांगलाच आहे. पण तळं खोदताना उद्दिष्ट एकच होतं: कमीत कमी पृष्ठभागात जास्तीत जास्त पाणी. म्हणून ते खोल, तीव्र उताराच्या कडांचं, भोवती मातीचा उंच बांध असलेलं. बांधामुळे वारा अडतो. प्लास्टिकमुळे पाझर थांबतो. बाष्पीभवनाला जे जे प्रतिकूल ते सगळं केलेलं. म्हणजे श्वासालाही.

अशा तळ्यात दिवस आणि रात्र हे दोन वेगळे मुलूख असतात. दुपारी हिरवं शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडतं, इतका की पाणी कधीकधी तृप्तीच्या पलीकडे जातं. सूर्य मावळला की तेच शेवाळ प्राणवायू खाऊ लागतं. तळाचा गाळ, सडलेलं खाद्य, जिवाणू तो खातातच. माशांचा वाटा या सगळ्यात बहुधा सगळ्यात लहान असतो. हवेतून भर पडते ती किती? वारा पडलेला असेल तर अशा तळ्यात रात्रभरात किलोभर प्राणवायू आत आला तरी पुष्कळ. टनभर मासे असतील तर त्यांनाच बारा तासांना तीन किलो हवा. तूट पहाटेपर्यंत वाढत जाते, आणि दिवस उगवायच्या सुमारास मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागतात. आभाळ आलेलं असेल तर आदल्या दिवशीची कमाईच कमी झालेली असते. मोसमातल्या पहिल्या गार पावसाने वरचं पाणी जड होऊन खाली बसलं, बुडाचं कुजकं पाणी वर आलं, की एका रात्रीत तळं पांढऱ्या पोटांनी भरतं. लोक म्हणतात कोणी औषध टाकलं. क्वचित टाकलेलंही असतं. पण बहुतेक वेळा खुनी बाहेरचा नसतो.

तोंड वर काढलेले मासे हवा पितात, अशी सार्वत्रिक समजूत आहे. रोहू, कटला, मृगळ यांना हवा पिता येत नाही. ते पितात तो पाण्याचा सगळ्यात वरचा पापुद्रा. हवेला भिडलेल्या त्या मिलिमीटरभर थरात, खालचं पाणी कितीही गुदमरलेलं असलं तरी, प्राणवायू शिल्लक असतो. मलेरिया-डेंग्यूच्या डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं गावोगाव सोडतं तो गप्पी मासा या कामात पटाईत. त्याचं तोंडच वरच्या बाजूला उघडतं. टंचाईच्या दिवसांत अंगणातल्या पिंपात पाणी साठवलं की तिथे हे नाटक छोट्या प्रमाणावर दिसतं: डासाची अळी शेपटाकडची नळी पृष्ठभागाला टेकवून हवा घेते, आणि गप्पी त्याच पृष्ठभागाखालचा थर चोखतो. दोघांचाही जीव मिलिमीटरभर जागेत. त्यावर तेलाचा तवंग पसरला की अळी मरते, हे आपल्याला पाठ आहे. पृष्ठभाग झाकला की पाण्यातलं जीवन गुदमरतं, हा नियम आपण डासांविरुद्ध वर्षानुवर्षं वापरला आणि तरी तो बाकीच्या पाण्याला लावला नाही.

या अडचणीवर बाजाराने एक उत्तर काढलं आहे, ते मला सगळ्यात जास्त खटकतं. पंगस नावाचा मासा आता शेततळ्यांत सर्रास सोडतात. तो वर येऊन हवेचा घोट घेतो आणि शरीरातल्या हवेच्या पिशवीतून प्राणवायू शोषतो. देशात बंदी असलेला थाई मागूर चोरून पाळला जातो तोही याचमुळे, घाणीतही जगतो म्हणून. आपल्या गोदावरीतल्या मरळीला तर कल्ल्यांच्या वर हवेसाठी खास कप्पे आहेत. तिला हवा घ्यावीच लागते, जाळ्याखाली अडकून वर येता आलं नाही तर ती पाण्यात बुडून मरते. हे मासे निसर्गाची कमाल आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या भरवशावर पाणी बघणं सोडून देण्याशी. रोहू पहाटे तोंड वर काढतो तेव्हा तो तळ्याच्या तब्येतीची बातमी देत असतो. पंगस रोजच वर येतो. त्याच्या येण्यातून काहीच कळत नाही. तक्रार करणारा मासा काढून मुकाट्याने सोसणारा मासा ठेवला की तळं सुधारतं असं नाही, आपल्या कानावर यायचं बंद होतं एवढंच. आणि तेच पाणी पुढे ठिबकमधून बागेत जातं, गाळासकट, जिवाणूंसकट.

गंमत म्हणजे जमिनीच्या बाबतीत हाच शेतकरी हे सगळं जाणतो. वाफसा आल्याशिवाय तो काळ्या रानात पाऊल टाकत नाही. मुळांना पाणी हवं तशी हवाही हवी, चिबडलेल्या रानात मोसंबी पिवळी पडते, डिंक्या लागतो, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. चिकण मातीच्या भोकांत पाणी साचलं की प्राणवायूची वाट दहा हजार पटींनी मंदावते, आणि मूळ गुदमरतं. वाफशाची नजर बांधाच्या या बाजूला आहे, त्या बाजूच्या तळ्यात नाही. कृषी खात्याच्या कुठल्या शिबिरात तळ्याच्या वाफशाबद्दल कोणी बोललं तर शेतकऱ्याला ते पटकन उमगेल असा माझा अंदाज आहे. अवघड आहे ते खात्यांना उमगणं: तळं एका योजनेत, मासे दुसऱ्या, बाग तिसऱ्या.

आता मोठं तळं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेलं आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेलं जायकवाडी. पूर्ण भरलं की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतं, आणि साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. एकाला दुसऱ्याने भागलं तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर येते. हे धरण म्हणजे ताटासारखा उथळ समुद्र, आणि अभियंत्यांच्या दृष्टीने तो त्याचा मोठा दोष. मेमध्ये दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडतं असं धरलं तर दर चौरस किलोमीटरमागे रोज एक कोटी लिटर. शंभर-दोनशे चौरस किलोमीटर पाणी उरलेलं असलं तरी संभाजीनगर शहराला रोज मिळत आलेल्या दहा-पंधरा कोटी लिटरच्या कितीतरी पट पाणी आकाशात जातं. हा आकडा ऐकून हळहळ वाटणार नाही असा माणूस मराठवाड्यात सापडणार नाही. मलाही वाटते.

पण हाच उथळपणा नाथसागराचा जीव आहे. उन्हाळी वारा आठ मीटर पाणी बुडापासून ढवळू शकतो. कोयनेसारख्या खोल जलाशयात ते शक्य नाही. बुडाशी प्राणवायू पोचतो म्हणून चिखलात लाल अळ्या, गोगलगायी, खेकडे टिकतात. त्यांतल्या लाल अळ्यांच्या अंगात तर आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, टंचाईत उरलासुरला प्राणवायू पकडायला. त्यांच्यावर मासे, आणि काठच्या उथळ चिखलावर पक्षी. १९८६ मध्ये इथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं ते काही योगायोगाने नव्हे. ज्या रचनेला आपण बाष्पीभवनाचा तोटा म्हणतो, तीच रचना पक्ष्यांना बोलावते.

याच पृष्ठभागावर आता तरंगते सौर पॅनल बसवायचं ठरतं आहे. पैठणच्या कहार समाज पंच समितीने त्याला आव्हान दिलं. मासेमारीवर पोट असलेल्यांचं ते स्वाभाविक होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते फेटाळलं. संरक्षित परिसराच्या नियमांत अक्षय ऊर्जेला मज्जाव नाही, हा युक्तिवाद टिकला. कायद्याच्या चौकटीत तो टिकणारच होता.

सौरऊर्जेला मी विरोध करणार नाही. पॅनलच्या सावलीत बाष्पीभवन घटेल, पाणी थोडं गार राहील, आणि गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. शेवाळाचा उतमातही कमी होईल. हे सगळं खरं आहे आणि विरोधकांनी ते मान्य करायला हवं. पण सावलीबरोबर प्रकाश जातो, म्हणजे दिवसा पाण्यातच तयार होणारा प्राणवायू जातो. वारा अडतो, म्हणजे घुसळण जाते. फायदा जास्त की तोटा, हे किती भाग झाकला यावर ठरतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या शेततळ्यांच्याच मापाच्या प्रायोगिक तळ्यांवर ७० टक्के पृष्ठभाग झाकून पाहिला. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले: विरघळलेला प्राणवायू घटला आणि तळ्यातून निघणारे मिथेन-कार्बन डायऑक्साइड सुमारे २७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे माळावरच्या छोट्या तळ्यावर शेडनेट किंवा पॅनल ताणणाऱ्याने तरी आतल्या माशांचा विचार सोडून द्यावा, नाहीतर रात्री पाणी घुसळणारं यंत्र लावावं. दोन्हींपैकी एक.

नाथसागराचं प्रमाण वेगळं. एक मेगावॉटला साधारण एक हेक्टर किंवा थोडी जास्त जागा लागते. हजार मेगावॉटचे पॅनल धरले तरी भरलेल्या धरणाचा तीनचार टक्के भाग झाकेल. कागदावर नगण्य. पण नाथसागर भरलेलाच असतो असं कोण म्हणतं? २०१९ च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपून धरण ७३८ दशलक्ष घनमीटरच्या मृतसाठ्यात उतरलं होतं. अशा वेळी पाणी आक्रसतं, पॅनल आक्रसत नाहीत. शिवाय ते काठावर नसतील, जिथे पाणी शेवटपर्यंत टिकतं त्या खोल भागातच असतील, आणि उरलेले मासेही तिथेच गोळा झालेले असतील. ज्या मे महिन्यात पाणी सगळ्यात तापलेलं, सगळ्यात थोडं आणि माशांनी सगळ्यात दाटलेलं, त्याच मे महिन्यात झाकलेल्या भागाचं प्रमाण सगळ्यात जास्त. सरासरीने काढलेली टक्केवारी हा धोका लपवते. आणि ती काढली जाते ती, अर्थातच, पूर्ण साठ्यावर.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. झाकायची मर्यादा पूर्ण भरलेल्या धरणाच्या नव्हे, मृतसाठ्याच्या वेळच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ठरवा. पॅनलच्या रांगांत वाऱ्याच्या दिशेने मोकळे पट्टे ठेवा. आणि प्राणवायू मोजा, पण पहाटे मोजा, आणि वरच नव्हे तर बुडाशीही मोजा. मत्स्यजीवनासाठी लिटरला ४ मिलिग्रॅम ही आपल्याकडची अधिकृत किमान पातळी आहे. सरकारी नमुना बहुधा कचेरीच्या वेळेत, पृष्ठभागाजवळून भरला जातो. सकाळी अकराला सहा मिलिग्रॅम दाखवणारं पाणी पहाटे पाचला दोनवर असू शकतं. नापास होणाऱ्या वेळी परीक्षाच घेतली नाही तर सगळं पाणी उत्तीर्ण. हे मोजायचं तंत्र नवं नाही. लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची पद्धत १८८८ पासून वापरात आहे, आणि आता तर दोरीला बांधून खाली सोडायची, दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारी यंत्रं मिळतात. शेकडो कोटींच्या प्रकल्पात त्यांची किंमत चिल्लर आहे.

पॅनल बसण्याआधीचं निदान एक पूर्ण वर्ष हे मोजमाप झालेलं असलं पाहिजे, नाहीतर नंतर कशाशी तुलना करणार? उद्या मासे घटले तर कंपनी म्हणेल दुष्काळामुळे, मच्छीमार म्हणतील पॅनलमुळे, आणि दोघांकडेही पुरावा नसेल. ज्यांची याचिका फेटाळली गेली त्यांना ही नोंद करायला प्रशिक्षण देऊन नेमावं, रोजंदारी द्यावी. त्या पाण्यावर पहाटे चारला होडी घेऊन तसेही तेच जातात. रोजच्या साठ्याच्या टक्क्यांशेजारी वर्तमानपत्रात हा दुसरा आकडाही छापून यावा. प्रकल्पाला ही अट घालायला अजून वेळ गेलेली नाही.